कंपनीनं सोडलेल्या फोनची किल्ली मालकाला मिळालीच पाहिजे

आमच्या इंदूरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक, आणि सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की घरातली लहान पोरंसुद्धा कुठलं कुठे टाकायचं ते बरोबर सांगतात. 2017 मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा पहिला नंबर आला आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला तो असा घराघरातून आलाय, मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण त्या इलेक्ट्रॉनिकच्या डब्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं. त्यात जे जुने स्मार्टफोन जातात त्यातले कितीतरी चालू असतात. म्हणजे चार्जिंगला लावा, सुरू होतात, स्क्रीन धड, स्पीकर धड, कॅमेराही धड. बिघडलेलं काहीच नसतं, फक्त आतली ऑपरेटिंग सिस्टम जुनी झालेली असते, आणि ज्यानं रोख पैसे मोजून फोन घेतला त्याला स्वतःच्या फोनमध्ये दुसरी सिस्टम टाकायची सोय कंपनीनं ठेवलेलीच नसते.

माझं म्हणणं असं आहे की ज्या दिवशी कंपनी एखाद्या मॉडेलला अपडेट द्यायचं थांबवते त्याच दिवशी त्या फोनचं कुलूप उघडायची सोय मालकाला द्यायचं बंधन कायद्यानं तिच्यावर असलं पाहिजे. हे कुलूप म्हणजे बूटलोडर, फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम, जो पुढची सिस्टम कंपनीच्या डिजिटल सहीची आहे की नाही ते तपासतो आणि नसेल तर तिथंच अडवतो. ही मागणी काही जणांना फार टेक्निकल वाटेल, चार हौशी पोरांचा विषय वाटेल, पण स्मार्टफोनची सुरुवातीची वीसेक वर्षं नीट बघितली तर लक्षात येतं की सामान्य माणसाचे पैसे पुन्हा पुन्हा याच एका जागी बुडालेत.

आधी सिम्बियन ही फोनची ऑपरेटिंग सिस्टम घ्या, कारण आपल्याकडे स्मार्टफोन म्हणून जे पहिल्यांदा लोकांच्या हातात आलं ते तेच होतं. त्याच्या आधीही स्मार्टफोन होते, आयबीएमचा सायमन 1994 मध्येच अमेरिकेत विकायला आला होता आणि नोकियाचा 9000 कम्युनिकेटर 1996 मध्ये, पण ते आपल्यापर्यंत फारसे पोचले नाहीत. सिम्बियन कंपनी 1998 मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, सायन या ब्रिटिश कंपनीची हातातल्या छोट्या कॉम्प्युटरसाठी बनवलेली सिस्टम होती ती घेऊन नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला एकत्र आले. आणि 2003 मध्ये नोकिया 6600 आला, तो पोटात फुगीर, जॉयस्टिकवाला, तो ज्यांच्याकडे होता त्यांना आजही आठवतो. 104 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आतली मेमरी 6 एमबी, स्क्रीन 176 बाय 208 पिक्सेलची, आजचे चार-पाच फोटोसुद्धा त्या मेमरीत मावणार नाहीत, पण त्यात एका वेळी दोन-तीन प्रोग्राम चालायचे, ब्लूटूथवरून गाणी यायची, डिक्शनरी टाकता यायची, पंचांग टाकता यायचं, पोरं त्यात गेम टाकून कॉलेजच्या मागच्या बाकावर खेळायची. इतक्या थोड्या मेमरीत हे सगळं चालवणं ही त्या इंजिनिअर लोकांची कमाल होती, मेमरीचा एक-एक बाइट मोजून कोड लिहायचे ते लोक, आणि आजच्या फोनमध्ये जे सहज वाटतं त्यातलं बरंचसं तिथं आधी झालेलं आहे.

तोवर फोनमध्ये काय टाकायचं ते मालक ठरवत होता. सिस फाइल, म्हणजे सिम्बियनचा प्रोग्राम, मिळाली, ब्लूटूथनं घेतली, इन्स्टॉल केली, झालं. मग 2004 मध्ये कबीर नावाचा वर्म आला जो ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्यात जायचा, 2005 मध्ये कॉमवॉरियर आला जो एमएमएसवरूनही पसरायचा, आणि सिम्बियनवाल्यांनी नवव्या आवृत्तीत सगळा बंदोबस्तच बदलला. नोकियाचे एन 73 वगैरे फोन त्या पिढीतले. जुने प्रोग्राम त्यावर चालेनात, आणि नव्या प्रोग्रामला सही लागायला लागली. सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं हे मी आधीच मान्य करते, व्हायरस खरोखर होते. पण घडलं काय ते बघा. एखाद्या भल्या माणसानं फुकट बनवलेला छोटा प्रोग्राम, त्याला सहीचा खर्च परवडत नाही, म्हणून तो इन्स्टॉलच होत नाही. किंवा सही असते पण तिची मुदत संपलेली असते, स्क्रीनवर सर्टिफिकेट एक्सपायर्ड असं येतं. मग लोक काय करायचे, फोनची तारीख एक-दोन वर्षं मागे न्यायचे, इन्स्टॉल करायचे, आणि तारीख परत पुढे आणायचे. नाहीतर आपला आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, कुठल्यातरी साइटवर देऊन खास त्या एका फोनपुरतं सर्टिफिकेट मागवायचे आणि ते येईपर्यंत दोन-चार दिवस वाट बघायचे. आणि ज्यांना हेही नको ते हॅलोऑक्स नावाचा हॅक टाकून सगळा बंदोबस्तच उघडून टाकायचे. म्हणजे ज्या सुरक्षेसाठी हे सगळं केलं ती बाजूलाच राहिली, स्वतःच्याच फोनमध्ये स्वतःच्या मर्जीचा प्रोग्राम टाकायला साध्या माणसाला कुठल्यातरी अनोळखी साइटवर आपला आयएमईआय द्यावा लागला.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. 2008 मध्ये नोकियानं सिम्बियन पूर्ण विकत घ्यायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी 2010 मध्ये त्याचा सगळा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामर लोकांनी लिहिलेला मूळ मजकूर, जगासाठी खुला केला. त्या काळात जगात सगळ्यात जास्त चालणारी स्मार्टफोन सिस्टम तीच होती, आणि तिचा कोड कुणीही वाचावा, बदलावा. मोठी घटना होती. पण ज्याच्या हातात एन 73 किंवा 5800 होता त्याला त्याचा काय उपयोग झाला? काही नाही. कारण कोड खुला झाला, फोन बंदच राहिला. तो कोड सुधारून, बांधून स्वतःच्या फोनमध्ये टाकायचा म्हटलं तर फोन कंपनीची सही मागणार. आणि वर्ष-सव्वा वर्षातच, 2011 मध्ये, नोकियानं तो कोडही परत आपल्या अटींखाली आवळून घेतला. आज ओपन सोर्स म्हटलं की लोक खूश होतात, अँड्रॉइड ओपन सोर्स आहे असं अभिमानानं सांगतात, पण कोड खुला असणं आणि फोन खुला असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि सिम्बियननं तो आपल्याला 2010 मध्येच दाखवून दिला होता.

मग 11 फेब्रुवारी 2011 ला नोकियानं जाहीर केलं की आता आम्ही मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही सिस्टम वापरणार. सिम्बियनवर घर बांधून बसलेले सगळे एका सकाळीत रस्त्यावर आले, डेव्हलपरही आणि गिऱ्हाईकही. त्याच वर्षाच्या शेवटी नोकियाचा ती सिस्टम असलेला लुमिया 800 आला, लोकांनी हौसेनं घेतला, दिसायला खरंच सुंदर फोन होता तो, आणि जून 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज फोन 8 दाखवला तेव्हा कळलं की आधीच्या एकाही लुमियाला तो मिळणार नाही. विकत घेऊन काही महिने झालेला फोन त्या दिवशी मागच्या पिढीचा झाला. आणि त्याचं कुलूप तसंच.

याच्या उलट एक उदाहरण आहे, एचटीसी एचडी टू. 2009 चा फोन, विकला गेला तेव्हा त्यात विंडोज मोबाइल 6.5 होतं, जी सिस्टम तेव्हाच म्हातारी झाली होती. पण या फोनचा बूटलोडर हौशी प्रोग्रामर लोकांनी काबीज केला आणि मग त्याच्यावर अँड्रॉइड चढवलं, एकामागून एक कितीतरी नव्या आवृत्त्या चढवल्या, विंडोज फोन 7 चढवलं, उबुंटू ही कॉम्प्युटरवरची लिनक्स सिस्टम चढवली, कंपनीनं विसरून गेल्यावर वर्षानुवर्षं हा फोन जगत राहिला. तसंच एचपीच्या टचपॅडचं. 2011 च्या जुलैत विक्रीला आलेला हा टॅबलेट दुसऱ्याच महिन्यात कंपनीनं बंद केला, वेबओएस नावाची त्याची सिस्टम वाऱ्यावर सोडली, उरलेला माल 99 डॉलरला काढला. लोकांनी घेतला आणि सायनोजेनमॉड नावाची अँड्रॉइडची आवृत्ती बनवणाऱ्या हौशी लोकांनी त्यावर अँड्रॉइड बसवून दिलं, आणि दीड महिन्यात मेलेली वस्तू कितीतरी वर्षं घराघरात चालली. यात कुठल्याही कंपनीचा एक पैसा गेला नाही. हार्डवेअर तेच होतं, फक्त दार उघडं होतं.

ब्लॅकबेरीचं काय झालं ते तर आणखी स्पष्ट आहे. 4 जानेवारी 2022 पासून जुन्या ब्लॅकबेरी सिस्टमवरच्या फोनवर कॉल, एसएमएस, इंटरनेट, अगदी इमर्जन्सी नंबरसुद्धा खात्रीनं चालेल याची हमी नाही असं कंपनीनंच जाहीर केलं, कारण हे फोन ज्या सेवांवर अवलंबून होते त्या ती बंद करत होती. कीपॅड ठणठणीत, बॅटरी मिळत असलेली, आणि साध्या फोन कॉलचा भरवसा नाही.

आणि गरीब गिऱ्हाइकाचं काय होतं ते बघायचं तर फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाची फोनसाठीची सिस्टम, फायरफॉक्स ओएस, आठवा. ऑगस्ट 2014 मध्ये इंटेक्सनं ती सिस्टम घालून 1,999 रुपयांत क्लाउड एफएक्स आणला, 128 एमबी रॅम, पण दोन हजारात स्मार्टफोन, ही तेव्हा केवढी बातमी होती. ज्यानं तो घेतला तो काही हौशी माणूस नव्हता, तो पहिल्यांदाच इंटरनेटवर येणारा माणूस होता. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलानं जाहीर केलं की फोनच्या धंद्यातून आम्ही बाहेर. दीड वर्षही नाही झालं. मोझिलाचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, त्यांचा कोड तर पहिल्यापासून खुलाच होता आणि पुढे त्यातूनच कायओएस निघाली आणि 2017 च्या जिओफोनमध्ये गेली. पण चांगल्या हेतूनं त्या दोन हजारवाल्याचा फोन काही चालू राहिला नाही.

आता कुणी म्हणेल हे सगळं जुनं झालं, आता फक्त अँड्रॉइड आणि आयफोन राहिलेत आणि अपडेट वेळेवर येतात. महागड्या फोनला येतात. 2023 च्या पिक्सेल 8 पासून गूगलनं आणि 2024 च्या एस 24 पासून सॅमसंगनं सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, ते चांगलंच आहे आणि त्यावरून हेही सिद्ध होतं की मनात आणलं तर जमतं. पण दहा-बारा हजाराचा फोन घेणाऱ्याला काय मिळतं? गूगल नवी आवृत्ती काढतं, मग चिप बनवणारी कंपनी आपल्या जुन्या चिपसाठी ड्रायव्हर, म्हणजे सिस्टमला ती चिप वापरता यावी म्हणून लागणारा प्रोग्राम, बनवून देईल तर देईल, मग फोन कंपनी त्यावर आपला मुलामा चढवणार, टेस्ट करणार, आणि या साखळीतल्या एकानं जरी या मॉडेलमध्ये आता पैसा नाही म्हटलं की संपलं. गूगलनं 2017 मध्ये अँड्रॉइड 8 बरोबर ट्रेबल नावाची रचना आणली, चिपवाल्यांचा भाग आणि सिस्टमचा भाग वेगळा केला म्हणजे अपडेट सोपं पडेल, आणि सोपं पडलंही, पण ज्या कंपनीला द्यायचंच नाही तिच्यावर त्यानं काय जबरदस्ती होणार.

माझी आत्या लोकमान्य नगरात राहते, शाळेतून रिटायर झालीय, पेन्शन येते. तिचा फोन तिनं इतका जपलाय की मागच्या कव्हरची कड सोडली तर आजही नवा दिसतो. एक दिवस तिच्या बँकेचं ॲप उघडेना, हे ॲप आता या डिव्हाइसवर चालत नाही असं आलं. सेटिंगमध्ये जाऊन सिस्टम अपडेट दाबलं की आपली सिस्टम अपटुडेट आहे असं येतं, म्हणजे फोन म्हणतो मी ताजा आहे आणि बँक म्हणते तू शिळा आहेस, आणि मधे ही सत्तरीची बाई. ती मला म्हणाली, "अगं पण फोन तर चांगला आहे ना, मग तो बदलायचा कशाला?" मी तो जेल रोडला घेऊन गेले, तिथल्या मोबाइल मार्केटमध्ये एक ओळखीचे दुरुस्तीवाले आहेत, त्यांनी नोकियाच्या काळात जाफ बॉक्स नावाचं यंत्र लावून मेलेल्या फोनमध्ये सिस्टम नव्यानं भरून, म्हणजे फ्लॅश मारून, ते उठवलेत, डोळ्याला भिंग लावून हीट गननं बोर्डवरचा आयसी काढून दुसरा बसवतात, हात जराही हलत नाही. त्यांनी फोन दोन मिनिटं बघितला, कॉम्प्युटरला लावला, बूटलोडरचा पर्याय शोधला, आणि परत माझ्या हातात दिला. "भिया लोग डिस्प्ले तोड़ के लाते हैं तो मैं बना देता हूँ, इसमें तो कुछ टूटा ही नहीं है, इसमें मैं क्या करूँ," असं म्हणाले. त्यांच्या कपाटात खालच्या खणात असे न तुटलेले फोन भरलेले आहेत, मागच्या बाजूला पांढऱ्या टेपवर पेननं मॉडेल नंबर लिहून ठेवलेत, पार्टसाठी ठेवलेत म्हणे, त्यातल्या एकाची स्क्रीन दुसऱ्याला लागते तेवढाच उपयोग.

बजाजची जुनी चेतक स्कूटर कंपनीनं बनवायची बंद करून कितीतरी वर्षं झाली, तरी आजही कुठल्याही गल्लीतला मिस्त्री तिचं इंजिन खोलतो, रिंग पिस्टन बदलतो आणि ती चालते. त्यासाठी त्याला पुण्याच्या कारखान्यातून परवानगी आणावी लागत नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण हे मुकाट्यानं मान्य केलंय की विकणाऱ्यानं हात झटकले तरी दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

या विरोधात जे मुद्दे येतात ते मी ऐकलेत आणि त्यातला पहिला खरा वजनदार आहे, सुरक्षेचा. बूटलोडर उघडा म्हणजे चोरालाही उघडा, बँकेचं ॲप उघड्या फोनवर चालत नाही ते त्याचसाठी. पण एक तर अपडेट न मिळणारा बंद फोन आणखी धोकादायक असतो. 2015 मध्ये स्टेजफ्राइट नावाची अँड्रॉइडमधली खोट उघड झाली, नुसत्या एका एमएमएसवरून फोन ताब्यात जाऊ शकत होता, आणि त्यानंतरच गूगलनं दर महिन्याला सुरक्षेचे पॅच, म्हणजे अशा खोटी बुजवणारे छोटे अपडेट, काढायला सुरुवात केली, आणि ते पॅच ज्या फोनला मिळतच नाहीत त्याच्या दाराला भोक तसंच राहतं, वरून ते दुरुस्त करायची मालकाला बंदी. दुसरं म्हणजे कुलूप काढून टाका असं मी म्हणतच नाहीये. अँड्रॉइडच्या व्हेरिफाइड बूटमध्येच, म्हणजे सुरू होताना सही तपासायच्या त्याच व्यवस्थेत, अशी सोय आहे की मालक आपली स्वतःची किल्ली घालून फोन पुन्हा कुलूपबंद करू शकतो, पिक्सेलमध्ये ती चालते, ग्राफीनओएस ही अँड्रॉइडची सुरक्षेवर भर देणारी आवृत्ती वापरणारे लोक तेच करतात, सुरू होताना फोन फक्त एवढं दाखवतो की ही सिस्टम मूळ कंपनीची नाही. म्हणजे तंत्र आहे, तयार आहे, वापरात आहे. बाकीच्या बहुतेक कंपन्या ते देत नाहीत कारण त्यांना कुणी विचारत नाही. आणि फोन उघडायला आधी सगळा डेटा पुसावा लागेल अशी अट ठेवली, जी आत्ताही असतेच, तर चोराच्या हाती तुमचे फोटो आणि मेसेज काही लागत नाहीत. बँकांनीही मग फोनवर मूळ कंपनीची सिस्टम आहे की नाही यावर अडून न बसता तो कुलूपबंद आहे का आणि त्यातले पॅच ताजे आहेत का एवढं तपासावं, आत्याच्या बंद फोनपेक्षा तसा फोन पैशासाठी जास्त सुरक्षित असेल.

दुसरा मुद्दा येतो चिपच्या ड्रायव्हरचा, ते चिप कंपनीची मालमत्ता आहेत, ते फोन कंपनी कशी देणार. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी पूर्ण सोर्स द्या असं म्हणत नाही, दिला तर उत्तमच. ड्रायव्हरच्या तयार फाइल फोनमध्ये आधीच असतात, हौशी लोक त्याच वापरून नवी सिस्टम बसवतात, लिनेजओएस ही हौशी लोकांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती कितीतरी फोनवर अशीच चालते, अँड्रॉइडच्या गाभ्यातल्या लिनक्स कर्नलचा कोड तर त्याच्या लायसन्सप्रमाणे द्यायलाच लागतो. किल्ली द्या, पुढचं जमेल तसं जमेल. सगळ्या फोनचं जमणार नाही हेही खरं, पण आज जे जमू शकतं तेही अडवलेलं आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वात जास्त खटकतो, की सामान्य माणसाला यातलं काय कळतं आणि तो कशाला करेल. आपल्या मराठीचाच अनुभव बघा ना. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या बहुतेक फोनमध्ये देवनागरी दिसतच नव्हती, मराठी मेसेज आला की नुसते चौकोन. कंपन्यांना त्यात काही घाई नव्हती. तेव्हा ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये कॉन्फिग टाइप करून खाली शेवटी बिटमॅप फॉन्टचा पर्याय यस करायचा ही युक्ती एकानं दुसऱ्याला सांगितली आणि इंदूरातल्या, पुण्यातल्या, नागपूरच्या लोकांनी मराठी पेपर फोनवर वाचायला सुरुवात केली, ऑपेराचा सर्व्हर अक्षरांचं चित्र करून पाठवायचा, ते जरा फाटकं दिसायचं पण वाचता यायचं. आणि ज्या पोरांना फोन रूट करता यायचा, म्हणजे सिस्टमच्या आतल्या फाइल बदलायचा ताबा मिळवता यायचा, ते सिस्टमच्या फोल्डरमध्ये देवनागरीचा फॉन्ट टाकून द्यायचे, जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलतीकडे जायची, तरी चौकोनांपेक्षा कितीतरी बरं. अशा एका पोरानं शेजारपाजारच्या दहा फोनमध्ये मराठी आणली. नीट देवनागरी पुढे अँड्रॉइड 4 च्या सुमारास यायला लागली, आणि प्रत्येक फोनवर भारतीय भाषा वाचता आलीच पाहिजे असा नियम सरकारनं करायला तर 2016 उजाडलं. सामान्य माणसाला बूटलोडर कळायची गरजच नाही, त्याला एक भाचा, एक शेजारी, एक जेल रोडचा दुरुस्तीवाला पुरतो. फक्त त्या भाच्याच्या वाटेत कुलूप नको.

कायद्यानं हे करता येतं का, तर येतं. युरोपियन युनियनमध्ये 20 जून 2025 पासून नियम लागू झालाय की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं सिस्टमचे अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडेही कुणाची हिंमत नाही असं नाही, भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला आणि मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो दंड कायम ठेवला. त्या प्रकरणात एक मुद्दा असाही होता की गूगलशी करार केलेल्या फोन कंपन्यांना अँड्रॉइडची वेगळी, स्वतंत्र आवृत्ती असलेले फोन काढायला ते करारच अडवत होते. म्हणजे ही सगळी बाजारातली आपोआप झालेली गोष्ट नाही, कराराच्या कलमांनी बांधलेली आहे, आणि कलमं सोडवता येतात. ग्राहक मंत्रालयानं डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात मोबाइलही आहेत, पण तिथली बहुतेक चर्चा पार्ट आणि सर्व्हिस सेंटरची, सॉफ्टवेअरच्या कुलुपाचं नाव नाही. 2022 चे ई-कचऱ्याचे नियम कंपन्यांना रिसायकलिंगचं टार्गेट देतात, ते हवेच आहेत, पण फोन फोडून त्यातलं तांबं आणि सोनं काढण्याआधी तो अजून चालवता आला असता का, हा प्रश्न त्यात कुणी विचारत नाही.

केंद्राचा कायदा व्हायला वेळ लागेल हे मला कळतं. पण तोपर्यंत थांबायचं कारण नाही, कारण सरकार स्वतः फार मोठं गिऱ्हाईक आहे. पोषण अभियानात अंगणवाडीच्या ताईंना स्मार्टफोन दिले जातात, शाळांमध्ये टॅबलेट येतात, नगर निगमचे कर्मचारी हातात यंत्र घेऊन हजेरी आणि फोटो घेतात, आणि काही वर्षांत ती यंत्रं स्लो झाली, ॲप चालेना म्हणून कपाटात जातात आणि नवं टेंडर निघतं. आमच्या इंदूर नगर निगमला माझी जाहीर विनंती आहे, देशाला कचरा वेगळा करायला शिकवलंत तसं हेही पहिलं तुम्ही करा. पुढच्या टेंडरमध्ये दोन अटी टाका. सुरक्षेचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार ती तारीख खोक्यावर छापलेली हवी, आणि त्या तारखेनंतर प्रत्येक यंत्राचा बूटलोडर उघडायची किल्ली निगमच्या ताब्यात लेखी मिळायला हवी. जी कंपनी नाही म्हणेल तिचा माल घेऊ नका. हजारो यंत्रांची ऑर्डर हातातून जाते म्हटल्यावर कुठली कंपनी किल्ली देते ते लगेच कळेल, आणि एकदा निगमला दिलेली किल्ली लोकमान्य नगरातल्या रिटायर शिक्षिकेला का देत नाही हे विचारायला आम्ही आहोतच.